बोलावणं येईपर्यंत

१९६६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, प्लेन्स नावाच्या छोट्या गावात, एका विधवा परिचारिकेने टीव्हीवर जाहिरात पाहिली. परदेशात सेवेला चला, वयाची आडकाठी नाही, असा तिचा आशय होता. बाईंचं वय ६७. त्यांनी अर्ज केला, मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी पार केली, तीन महिने प्रशिक्षण घेतलं आणि वर्ष संपता संपता मुंबईत दाखल झाल्या. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी २१ महिने काम केलं. त्यांचं नाव लिलियन कार्टर. पुढे त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झाला, त्यामुळे ही हकीकत जगाला ठाऊक झाली. मात्र ती जाहिरात देणाऱ्या पीस कोअर या अमेरिकी सरकारी स्वयंसेवक संस्थेकडे २००८-१० च्या सुमारास अर्ज करून वर्ष-दीड वर्ष ताटकळलेल्या कुणाला ती सांगा. त्याला बाईंच्या वयाचं फारसं काही वाटणार नाही. एवढ्या लवकर काम झालं कसं, हे तो आधी विचारेल.

परदेशी स्वयंसेवेबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक तिथे पोहोचल्यानंतरचं. खेड्यातली शाळा, विहीर, हगवण, निरोपाचे हार. त्याआधीच्या महिन्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर ‘धीराची परीक्षा’ म्हणून कौतुकाने बोलतं. मला हे कौतुक पटत नाही. या थांबण्यातलं किती गरजेचं, किती कारभाराच्या सुस्तीचं, आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे एकदा मांडून पाहायला हवं.

पीस कोअरचा जन्म घाईत झाला. १४ ऑक्टोबर १९६० रोजी पहाटे दोनच्या सुमारास मिशिगन विद्यापीठात जॉन केनेडी यांनी जमलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमच्यापैकी किती जण आफ्रिकेत, आशियात जाऊन काम करायला तयार आहेत? तेव्हा ते अध्यक्षही झालेले नव्हते. १ मार्च १९६१ ला त्यांनी संस्था स्थापन करण्याच्या आदेशावर सही केली, मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांच्या हाती ती सोपवली, आणि ऑगस्ट संपायच्या आत पहिली तुकडी घानाची राजधानी अक्रा इथे उतरली. कागदावरच्या सहीपासून विमानतळापर्यंत सहा महिने. पुढे एकेका अर्जदाराला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागू लागला, ही गंमत श्रायव्हर यांना कितपत आवडली असती कोण जाणे.

पण त्या काळात निवड सोपी होती असं समजू नये. चाळणी होती, फक्त ती प्रशिक्षणाच्या आत बसवलेली होती. उमेदवार आधी छावणीत जायचा. प्वेर्तो रिकोतल्या आरेसिबोजवळच्या छावण्यांमध्ये भाषेबरोबर कडे चढणं आणि पाण्यात तरंगत राहणंही शिकवलं जाई. मानसशास्त्रज्ञ सगळ्यांचं निरीक्षण करत, सोबत्यांनाच एकमेकांविषयी मत लिहायला लावत, आणि अधूनमधून मंडळ बसून कोण राहणार, कोण घरी जाणार हे ठरवे. दोन-तीन महिने एकत्र काढलेल्या मित्राचं अंथरूण एका सकाळी रिकामं दिसे. कारण बऱ्याचदा सांगितलं जात नसे. म्हणजे तेव्हाही माणूस टांगणीला लागलेला असायचा, पण छावणीत, सोबतीने आणि संस्थेच्या खर्चाने.

संस्था इतकी धास्तावलेली का होती, याचं उत्तर एका पोस्टकार्डात सापडतं. ऑक्टोबर १९६१ मध्ये मार्जरी मिशेलमोर या तरुण स्वयंसेविकेने नायजेरियातल्या इबादानहून मित्राला कार्ड लिहिलं. तिथल्या रस्त्यांवरच्या गरिबीचं, घाणीचं वर्णन त्यात होतं. कार्ड पोस्टात पडण्याआधीच हरवलं, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं आणि गदारोळ उडाला. तिला परतावं लागलं. वसाहतवादातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात पाहुण्याने काय लिहावं याचं भान सुटलं की सगळा उपक्रम धोक्यात येतो, हा धडा वॉशिंग्टनने घेतला. पुढे प्रशिक्षणातून माणसं गाळण्याची पद्धत मागे पडली आणि चाळणी अर्जाच्या टप्प्यावर आली. उमेदवाराला हे जास्त माणुसकीचं वाटलं असेल. पण थांबण्याचा बोजा त्यामुळे छावणीतून उचलून त्याच्या स्वतःच्या घरात आणून ठेवला गेला.

२००० ते २०१३ या काळातला अर्जदार कशातून जात होता, ते जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे. अर्ज भरायलाच आठेक तास लागत. शिक्षण, नोकऱ्या, दोन निबंध, शिफारसपत्रं. मग मुलाखत. ती बरी झाली तर नामांकन. नामांकन म्हणजे नेमणूक नव्हे. ‘आफ्रिका, माध्यमिक शाळेत इंग्रजी, साधारण जूनमध्ये’ एवढंच त्यातून कळे. देश कोणता, हे नाही. जून म्हणजे नक्की जून, तेही नाही. त्यानंतर सुरू होई कायद्याची आणि वैद्यकीय मंजुरी, आणि खरी रखडपट्टी इथेच होती.

कायद्याच्या बाजूला बोटांचे ठसे, जुने खटले, दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद, शैक्षणिक कर्ज, घटस्फोटानंतरची पोटगी. सीआयएमध्ये कधीकाळी नोकरी केलेल्याला तर दार कायमचं बंद, कारण यजमान देशाला हेरगिरीचा नुसता संशय आला तरी पुरे. वैद्यकीय बाजू याहून मोठी. टपालाने जाडजूड पाकीट येई. डॉक्टर, दंतवैद्य, डोळ्यांचा डॉक्टर, सगळ्यांकडून फॉर्म भरून आणायचे. एचआयव्ही, कावीळ, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी; हे विकर कमी असेल तर मलेरियावरचं प्रायमाक्विन हे औषध त्या माणसाच्या तांबड्या पेशी फोडू शकतं. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणखी चाचण्या. अक्कलदाढांचा प्रश्न तर अर्जदारांमध्ये कुप्रसिद्ध होता: दाढ पुढे दुखू शकते असं दंतवैद्याने लिहिलं की ती काढूनच यायचं, आणि बिल बहुतांशी आपलं आपण भरायचं. दम्याचा त्रास असेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर जाता येईल अशा देशांची यादी आखडायची. आणि पूर्वी कधी नैराश्यासाठी समुपदेशन घेतलेलं असेल तर वेगळे फॉर्म, वेगळी पत्रं, कधी ‘काही महिन्यांनी पुन्हा कळवा’ असं उत्तर. प्रामाणिकपणे उपचार घेतलेला माणूस अडकायचा आणि दुखणं लपवलेला पुढे सरकायचा, हा या पद्धतीतला सगळ्यात वाईट भाग होता.

या सगळ्या काळात अर्जदाराला दिसे काय? संकेतस्थळावरचं स्वतःचं खातं आणि त्यात टप्प्यांपुढे पडणाऱ्या खुणा. रोज उघडून पाहावं तर कालचंच पान. फोन केला तर ‘फाइल तपासणीत आहे.’ आणि एक दिवस कुरिअरवाला निळं पाकीट घेऊन दाराशी उभा. देश, काम, निघायची तारीख, सगळं एकदम. आणि होकार कळवायला मोजके दिवस.

मधल्या महिन्यांचं करायचं काय, हा प्रश्न बाहेरच्यांना किरकोळ वाटतो. कायमची नोकरी धरावी तर सहा महिन्यांत सोडावी लागेल हे मालकापासून लपवायचं. घराचा करार वर्षाचा करावा की नाही? पदवी झाली की कर्जाचे हप्ते आणि विम्याची काळजी सुरू. जोडीदाराला काय सांगायचं? गावभर निरोपाचं बोलून झालेलं असतं आणि दर रविवारी कुणीतरी विचारतं, ‘अजून इथेच?’ आपल्याकडे एमपीएससी उत्तीर्ण होऊन, यादीत नाव लागूनही नियुक्तीपत्रासाठी ताटकळलेल्या मुलांच्या घरी जे वातावरण असतं, त्यापेक्षा हे वेगळं नाही. फरक एवढाच, की इथे ताटकळणारा पगाराच्या नोकरीसाठी थांबलेला नसतो. त्यामुळे त्याने तक्रार केली की लोक म्हणतात, सेवेलाच तर जायचंय, मग घाई कसली!

आता संस्थेची बाजू. काही उशीर खरोखर टाळता येत नाही. स्वयंसेवक कुठे पाठवायचा हे वॉशिंग्टन एकटं ठरवत नाही. यजमान देश मागणी करतो. शिक्षक हवा असेल तर तो शाळेच्या वर्षाआधी पोहोचला पाहिजे. पश्चिम आफ्रिकेत फ्रेंच येणारा हवा, आणि तो नेमका या तिमाहीत अर्ज करेलच असं नाही. त्यातून राजकारण. आपल्याच देशाचं उदाहरण घ्या. १९६१ अखेर पंजाबात पहिली तुकडी आली, पुढच्या पंधरा वर्षांत चार हजारांहून जास्त स्वयंसेवक भारतात राबले, पण दिल्ली-वॉशिंग्टन संबंध बिघडत गेले आणि १९७६ मध्ये शेवटचे स्वयंसेवक परतले. रशियाने २००२ मध्ये हेरगिरीचा ठपका ठेवून दार लावलं. कझाकस्तानातला कार्यक्रम २०११ मध्ये थांबला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वाढत्या हिंसाचारामुळे होंडुरासमधून स्वयंसेवक माघारी बोलावले गेले, आणि ग्वाटेमाला व एल साल्वादोरला जानेवारीत निघायच्या तुकड्या रद्द झाल्या. ज्यांचं सामान बांधून झालं होतं ते पुन्हा रांगेत. २०१४ मध्ये इबोलामुळे गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांतून ३४० जणांना परत आणलं. पैशाचं वेगळंच: २०१० मध्ये ४० कोटी डॉलर असलेली तरतूद पुढच्याच वर्षी साडेसदतीस कोटींवर आली. पैसा घटला की जागा घटतात, आणि आधीच मान्य केलेले उमेदवार पुढच्या तुकडीत ढकलले जातात.

वैद्यकीय काटेकोरपणाही उगाच नाही. २०१३ मध्ये निक कॅसल हा २३ वर्षांचा स्वयंसेवक चीनमध्ये आजारी पडून दगावला. उपचारात झालेल्या हलगर्जीवरून वाद उठला आणि २०१८ मध्ये त्याच्या नावाने सुधारणेचा कायदा झाला. त्याआधी बेनिनमध्ये खून झालेल्या केट प्युझीच्या नावाने २०११ मध्ये सुरक्षेचा कायदा आला होता. दवाखाना एक दिवसाच्या अंतरावर असलेल्या गावी माणूस पाठवायचा तर आधी तपासून घेणं हे त्याच्यावरच्या अविश्वासाचं लक्षण मानता येत नाही.

आणि थांबावंच लागत नाही अशी स्वयंसेवा कशी असते, तेही पाहून घ्यावं. पैसे भरा, पंधरा दिवसांनी निघा, अनाथाश्रमात मुलांशी खेळा, फोटो काढा. गेल्या वीस वर्षांत हा धंदा फोफावला. कंबोडियात अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पाहणीत निघालं. पाहुणे येतात म्हणून मुलं आणली जात होती. नेपाळमध्येही हेच. या पाहुण्यांची ना पार्श्वभूमी तपासलेली असते, ना कौशल्य. मुलांजवळ कुणालाही न तपासता सोडणाऱ्या या व्यवहारापुढे पीस कोअरचं जाडजूड पाकीट मला हजारदा मान्य आहे.

मग तक्रार नक्की कशाबद्दल? त्याचं उत्तर २०१४ मध्ये खुद्द संस्थेनेच दिलं. कॅरी हेस्लर-रॅडलेट तेव्हा संचालक होत्या. पूर्वी त्यांनी सामोआत स्वयंसेविका म्हणून काम केलेलं. जुलैमध्ये त्यांनी पद्धत बदलली. आठ तासांचा अर्ज तासाभरावर आणला. देश आणि काम निवडण्याची मुभा दिली. आणि प्रत्येक जागेपुढे दोन तारखा छापल्या: अर्ज कधीपर्यंत करायचा आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल. माझ्या मते या सगळ्यात दुसरी तारीख हीच मोठी सुधारणा. कारण वैद्यकीय तपासणी नंतरही राहिलीच, कायद्याची राहिलीच. आजही अर्जापासून निघेपर्यंत नऊ-दहा महिने सहज जातात. पण आता बोलावणं आधी येतं आणि तपासण्या नंतर. कुठे जायचं हे ठाऊक असलेला माणूस त्या देशाची भाषा शिकायला लागतो, घरच्यांना नकाशा दाखवतो. काहीच ठाऊक नसलेला नुसता खातं उघडून बघत बसतो. महिने तितकेच, तरी मनःस्थितीत फार अंतर.

परिणाम लगेच दिसला. २०१४ च्या आर्थिक वर्षात १७ हजारांवर अर्ज आले, २०१५ मध्ये जवळपास २३ हजार, चार दशकांतला उच्चांक. याचा अर्थ आधीची कित्येक वर्षं उत्साहाचा दुष्काळ नव्हता. अर्जच लोकांना परतवून लावत होता. अर्थात तेव्हा एका वेळी सेवेत असणारे स्वयंसेवक सातएक हजारच होते, त्यामुळे लांबलेल्या प्रतीक्षेची जागा बऱ्याच जणांसाठी लवकर मिळालेल्या नकाराने घेतली. मला तो सौदा वाईट वाटत नाही.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनची व्हीएसओ १९५८ मध्ये शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना पाठवून सुरू झाली. पुढे तिने अनुभवी शिक्षक, डॉक्टर, अभियंते मागायला सुरुवात केली. तिथे निवड होऊनही योग्य जागेशी जुळणी होईपर्यंत थांबावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेला १९७० मध्ये महासभेने मंजुरी दिली. तिचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. तिथे पूर्वी नावनोंदणी करून ठेवायची आणि कधी बोलावणं येईल याची वाट पाहायची. कित्येकांना ते कधी आलंच नाही. आता ठरावीक जागेसाठी अर्ज करता येतो. मेदसाँ साँ फ्राँतिए ही डॉक्टरांची संस्था मानधन देते, त्यामुळे तिला स्वयंसेवेत धरावं का हा वाद घालता येईल. पण तिथेही दोनेक वर्षांचा अनुभव लागतो आणि निवडीनंतर मोहीम मिळेपर्यंत थांबणं आलंच.

मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती जपानची पद्धत. जायका या तिथल्या सरकारी संस्थेच्या स्वयंसेवक योजनेत १९६५ पासून तरुण परदेशी जातात. पहिली तुकडी लाओसला गेली. भरती वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. निकाल ठरल्या वेळी, मग कोमागाने किंवा निहोनमात्सु इथे सत्तरेक दिवसांचं निवासी प्रशिक्षण, मग रवाना. एखाद्या परीक्षेसारखं वेळापत्रक आधी हातात. थांबावं लागतंच, पण कोणत्या महिन्यापर्यंत, हे माहीत असतं.

या सगळ्या व्यवस्थांची खरी कसोटी मार्च २०२० मध्ये लागली. पीस कोअरने साठहून जास्त देशांतले सुमारे सात हजार स्वयंसेवक काही दिवसांत घरी आणले. संस्थेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. त्यांच्या हालांबद्दल बरंच छापून आलं. ज्यांना बोलावणं आलेलं होतं, नोकऱ्या सोडून झाल्या होत्या, आणि जे निघालेच नव्हते, त्यांच्याकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही. पहिले स्वयंसेवक पुन्हा परदेशी गेले ते मार्च २०२२ मध्ये, झांबिया आणि डॉमिनिकन रिपब्लिकला. दोन वर्षं! जपानमध्ये मात्र अडकलेल्या काहींनी वेगळा मार्ग काढला. गुन्मा प्रांतातलं त्सुमागोई हे कोबीसाठी नावाजलेलं गाव. सीमा बंद झाल्याने तिथे परदेशी मजूर येईनात, तेव्हा परतलेल्या आणि ताटकळलेल्या स्वयंसेवकांमधले काही जण कोबी काढायला गेले. सेवा करायची इच्छा असलेल्या माणसांना नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा हातापाशी असलेलं काम द्यावं, ही गोष्ट इतकी साधी आहे की इतर संस्थांना ती नेहमीच का सुचू नये, याचं आश्चर्य वाटतं.

आता खर्चाचा मुद्दा. थांबण्याने धीर कळतो असं म्हणणाऱ्यांनी हे सांगावं, की वर्षभर कोण थांबू शकतं? ज्याला आईवडिलांच्या घरी राहता येतं, ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, ज्याला दाढ काढायला आणि तपासण्यांना पैसे आहेत. ज्याला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचंय तो चांगली नोकरी आली की अर्ज मागे घेतो, मग त्याचा धीर कितीही मोठा असो. म्हणजे लांबलेली निवड धीर मोजत नाही, घरची ऐपत मोजते. पीस कोअरवर वर्षानुवर्षं आरोप होत आला की तिथे सुखवस्तू गोऱ्या घरांतली पदवीधर मुलंच जास्त दिसतात. जाहिरातीतले चेहरे बदलून ते बदलत नाही. तपासणीचा पूर्ण खर्च संस्थेने उचलणं आणि उत्तराची तारीख पाळणं, हे दोन उपाय कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त उपयोगाचे.

मराठी घरांशी हा विषय दोन बाजूंनी येऊन भिडतो. अमेरिकेत वाढलेली आपली मुलं-मुली पीस कोअरकडे वळतात तेव्हा घरात पहिला प्रश्न उठतो, की एवढं शिकून दोन वर्षं फुकट घालवणार? त्या आईबाबांना एवढंच सांगणं, की सेवेचा काळ प्रशिक्षण धरून २७ महिन्यांचा असतो आणि शेवटी पुन्हा बस्तान बसवायला दहा हजार डॉलरांहून जास्त रक्कम हाती पडते. मात्र त्यासाठी अमेरिकी नागरिकत्व हवं. ग्रीनकार्डावर भागत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना संयुक्त राष्ट्रांची योजना खुली आहे. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांना २०११ पासून सुरू झालेली जर्मनीची संघीय स्वयंसेवा योजनाही खुली आहे. तिथे संस्थेचा होकार आला तरी व्हिसाची रांग वेगळी लागते, हे धरून चालावं.

अर्ज करायचाच असेल तर दातांचं काम आधी उरकून घ्या. शिक्षणाची, लसीकरणाची, जुन्या उपचारांची कागदपत्रं एका फाइलीत लावून प्रती काढून ठेवा. उपचार घेतले असतील तर ते लपवू नका. मागाहून उघडं पडलं तर परतीचं विमान ठरलेलं. हातातली नोकरी शेवटची मंजुरी लेखी मिळाल्याशिवाय सोडू नका, मग बोलावणं कितीही पक्कं दिसो. आणि या कामासाठी कुणी मध्यस्थ फी मागू लागला तर तिथूनच माघारी फिरा: पीस कोअर किंवा संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना अर्जासाठी एक पैसाही घेत नाही.